दहा बाय दहाची बेडरूम: कोपरान् कोपरा भरायचा की जमीन मोकळी ठेवायची?

सलाटवाडा, पहिला मजला

परवा आपल्या बडोद्यातल्या वाघोडिया रोडच्या एका भाऊंनी इथे त्यांच्या दहा बाय दहाच्या बेडरूमचे आधीचे-नंतरचे फोटो टाकले आणि खाली लांबलचक पोस्ट लिहिली. सगळ्यांनी वा वा केलं. मी तीन दिवस गप्प होते, आज राहवत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सहा बाय साडेसहाचा हायड्रॉलिक बॉक्स पलंग, एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत वॉर्डरोब, वर फॉल्स सीलिंग, सगळ्या भिंती पांढऱ्या, पलंगासमोर उभा आरसा. आजीचा सागवानी पेटारा आणि डामचिया (गाद्या रचून ठेवायची लाकडी घडवंची) भंगारवाल्याला दिला. आणि शेवटी हे वाक्य: "जुन्या लोकांनी बेडरूमचा विचारच केला नव्हता, नुसता पसारा."

या वाक्याने माझं डोकं फिरलं. आमच्या घरातली जी खोली आज आमची बेडरूम आहे, त्याच खोलीत माझ्या आजेसासूबाईंची चार बाळंतपणं झाली. तीही दहा बाय साडेनऊचीच. दिवसा त्या खोलीत एक अंथरूण जमिनीवर दिसायचं नाही. सकाळी गाद्या गुंडाळून डामचियावर, वरून धुतलेली चादर, की खोली रिकामी. तिथेच पापड लाटायचे, तिथेच मुलं पाढे म्हणायला बसायची, दुपारी तिथेच लवंडायचं. एका खोलीच्या तीन खोल्या करणाऱ्या बाईने विचार केला नव्हता?

२०१३ साली आमचं लग्न झालं तेव्हा आम्हीही हाच पलंग केला, हाच वॉर्डरोब. हिशेब सांगते. खोली १० फूट. वॉर्डरोब २ फूट खोल. पलंग साडेसहा फूट लांब. उरलं दीड फूट. त्या दीड फुटात वॉर्डरोबचं दार उघडायचं, आपण उभं राहायचं आणि कपडेही काढायचे. पलंगाच्या कोपऱ्याने माझ्या मांडीवर कायम निळा डाग असायचा. तेही चालवून घेतलं. मग तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन घरी आले. वॉकर दोन फुटांचा, वाट दीड फुटाची. अकरा पावलांवर स्वतःचा पलंग, आणि माणूस दारात उभा. मी वॉकर आडवा घालून पाहिला, तिरका घालून पाहिला. शेवटी ते म्हणाले, "राहू दे, मी हॉलमध्ये झोपतो." सव्वा महिना दिवाणावर झोपले. ते बरे व्हायच्या आत मी सुथार बोलावून पलंग कापायला लावला.

आता पाच बाय साडेसहाचा पलंग आहे, चार पायांचा, खाली चौदा इंच मोकळं. केरसुणी एका हातात या टोकापासून त्या टोकाला जाते. वॉर्डरोब पाच फूट रुंदीचाच, पलंगासमोरून काढून दारामागच्या भिंतीला. खिडकीखाली पेटारा, त्यावर गादी, तो बसायला. दोन ओळींत सहा खुंट्या. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीवर न ठोकता छताखाली चार इंचांवर ठोकला, दोन्ही बाजूंना फूटभर जास्त, म्हणजे पडदा सरकवला की काच पूर्ण उघडी होते. ३००० केल्विनचे पिवळसर दोन दिवे. पांढरी ट्यूब फक्त केर काढताना.

खोली इंचभरही वाढलेली नाही. पण जमीन दिसते, भिंतीच्या कडेपर्यंत दिसते. माझं म्हणणं एवढंच आहे. लहान खोलीत जमीन झाकून टाकलीत की मग भिंतीला पांढरा लावा नाहीतर आरसा, ती खोली गुदमरलेलीच राहणार.

वाघोडिया रोड, चौथा मजला

पोस्ट माझीच. ताई, वॉकरचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण त्यासाठी बडोद्यातले सगळे बॉक्स पलंग कापायचे का?

आमचं टू बीएचके. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं. माळा बिल्डरने फक्त बाथरूमवर दिला, तोही गिझरच्या पाइपांनी अर्धा खाल्ला. सहा जणांच्या रजया, थंडीचे कपडे, मुलांची मागच्या इयत्तांची पुस्तकं, आईची लग्नातली भांडी, गणपतीचं मखर, दिवाळीच्या माळा, पाहुण्यांच्या आठ गाद्या. कुठे ठेवू? पलंगाखाली चौदा इंच मोकळं सोडून तिथे केरसुणी फिरवायची हे मला परवडत नाही. रिकामी जागा ठेवायला आधी जागा असावी लागते. तुम्ही जिला साधेपणा म्हणता ती मला श्रीमंती वाटते.

आणि एक विचारतो, खरं उत्तर द्या. तुमच्या रजया कुठे आहेत? पाच फुटी वॉर्डरोबात दोन माणसांचे रोजचे कपडे, ठेवणीतल्या साड्या आणि वर रजया मावत नाहीत. मी टेप लावून मापं काढलेली आहेत.

जुना ड्राफ्ट्समन

तुम्ही दोघं भांडताय ते चुकीच्या जागी. मी छत्तीस वर्षं नकाशे काढले, म्हणून बोलतो.

मांडवी, वाडी, या भागातल्या जुन्या घरांची भिंत दीड फूट जाडीची. फडताळ भिंतीत, कोनाडा भिंतीत, देव भिंतीत, दिवा भिंतीत. जमिनीचा एक इंच न घेता सामान बसायचं. आज फ्लॅटमधली आतली भिंत साडेचार इंच. तीत कोनाडा काढायला गेलात तर शेजारच्या खोलीत निघाल. जे कपाट भिंतीच्या पोटात होतं ते बाहेर आलं आणि खोलीची दोन फूट जमीन खाऊन उभं राहिलं. तेव्हा सलाटवाड्याच्या ताईंची खोली आणि या भाऊंची खोली कागदावर सारखी असली तरी ती एक खोली नाही.

दुसरं, बिल्डर. नॅशनल बिल्डिंग कोडात राहत्या खोलीचं किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. दोन खोल्या असल्या तर दुसरी ७.५ चालते. ही याच्या खाली जाऊ नका म्हणून घातलेली रेघ. आमच्या या लोकांनी तीच रेघ छत समजून टाकली, सगळ्यांच्या खोल्या तिला चिकटून. शिवाय बिल्डरांसाठीच्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींची जाडीही धरतात, तेवढंही तुमच्या पायाखाली येत नाही.

आणि दार! मी आयुष्यभर एकाच गोष्टीवर भांडलो. खोलीचं दार कोपऱ्यापासून चार इंच सोडून काढलं तर त्यामागची भिंत फुकट जाते. तेच सव्वादोन फूट सोडून काढा, दारामागे अख्खं कपाट बसतं. विटा तेवढ्याच, सिमेंट तेवढंच, मजुरी तेवढीच. किती साहेबांना सांगितलं. "काका, लिफ्टच्या लाइनीत येत नाही," म्हणायचे. लिफ्टच्या लाइनीसाठी चाळीस कुटुंबांची कपाटं खोलीच्या मधे आली.

समा, तळमजला

बॉक्स पलंगाबद्दल मला बोलू द्या.

जन्माष्टमी, २०२४. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. आम्ही गॅलरीतून वरच्या मजल्यावरच्यांकडे चढलो. घरात कमरेएवढं पाणी. तीन दिवसांनी उतरलो. तोपर्यंत मला वाटत होतं, फ्रिज गेला, सोफा गेला, जाऊ दे.

बेडरूममध्ये गेलो. पलंग बाहेरून जागच्या जागी. हायड्रॉलिकची फळी उचलायला गेलो, हलेना. प्लाय फुगून चौकटीत घट्ट बसलेलं, आत सात गाद्या पाणी पिऊन दगड झालेल्या. शेवटी शेजारच्या भाईंनी पहार घातली. १८ एमएमचं प्लाय कडेने भिजलेल्या वहीसारखं पदर पदर सुटलेलं होतं. सनमायका चतकोर चतकोर उचकटून वर आलेली. आत गाळ. एकेक गादी दोघांनी ओढत रस्त्यावर नेली, सगळ्या गल्लीत तसाच ढीग. तळाशी मुलीच्या बारशाची झबली होती, एका पिशवीत. ती पिशवी मी उघडली नाही.

त्याच घरात आईचा जुना पलंग होता, सागवानी पट्ट्या आणि लोखंडी पाय. नळीने धुतला, दोन दिवस उन्हात उभा केला. आज मी त्यावरच झोपतो. ताईंचा मुद्दा जमीन दिसण्याचा आहे. माझा मुद्दा साधा आहे. नदीच्या गावात तळमजल्यावर माणसाने सामान जमिनीला चिकटवून ठेवू नये.

वाघोडिया रोड, चौथा मजला

दादा, वाईट झालं. पण मी चौथ्या मजल्यावर आहे. माझ्या पलंगात विश्वामित्री यायची असेल तर तोवर अख्खं शहर गेलेलं असेल. आणि तुमच्या सुथाराने एमआर ग्रेडचं प्लाय वापरलेलं दिसतंय. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारं, पाणी सोसणारं नव्हे. आयएस ७१० या मानकाचं, पाणी सोसणारं मरीन प्लाय घ्यायला हवं होतं. माझा पूर्ण पलंग ७१० चा आहे, शिक्का बघून घेतलंय.

समा, तळमजला

शिक्का बघून घेतलंत, छान केलंत. ७१० असतं तर गाद्या कोरड्या राहिल्या असत्या का? झबली राहिली असती का? पदर सुटले नसते, एवढंच. माणूस काय गेलं ते सांगतोय आणि तुम्ही त्याला प्लायचा नंबर सांगताय.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंच पाऊस पडला तेव्हाही आमच्या सोसायटीत असंच कुणीतरी म्हणालं होतं, पुन्हा नाही होणार.

मांजलपूरची मावशी

मी पलंगाच्या वादात पडत नाही, पण गाद्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. समाच्या भाऊ, तुमच्याच भागातले माझे चुलतदीर त्याच पुरात आमच्याकडे आले. अकरा माणसं, त्यात एक दीड महिन्याचं बाळ. पाच दिवस राहिली. सगळ्यांना गाद्या निघाल्या त्या माझ्या बॉक्स पलंगातून. आठ माझ्या, दोन शेजारणीच्या. त्या रात्री मी कुणाला "थांबा, सोय करते" म्हटलं नाही. फळी उचलली आणि अंथरलं.

खोली मोकळी, जमीन दिसते, दिवे पिवळे, हे सगळं चांगलंच आहे. पण घरात माणसं आली की त्यांना झोपवायचं कुठे? घर काय फोटोसाठी असतं?

भाडेकरू, फतेगंज

मावशी, अकरा माणसं दर वर्षी येतात का? वर्षाचे ३६० दिवस त्या आठ गाद्या तुमच्या बेडरूमचा तिसरा हिस्सा अडवून बसतात. मंडप-डेकोरेशनवाल्याकडे गाद्या, उशा, चादरी सगळं भाड्याने मिळतं, फोन केला की टेम्पोत टाकून आणून देतात. लग्नात आपण तेच करतो ना? पाहुण्यांच्या नावाने आपण स्वतःच्या झोपायच्या खोलीचं गोदाम करून ठेवलंय.

माझी खोली नऊ बाय आठ. घरमालकाने खिळा ठोकायला बंदी केली आहे. तरी नीट राहतो, कारण जे नाही लागत ते ठेवत नाही.

मांजलपूरची मावशी

भाड्याच्या गाद्या? ज्यावर कोण झोपलं, काय सांडलं कुणाला ठाऊक, त्या दीड महिन्याच्या बाळाखाली घालू? आणि पुराच्या दिवसात मंडपवाल्याचा टेम्पो येणार होता पाण्यातून?

तुम्ही एकटे राहता, तुमच्याकडे कुणी येत जात नसेल, म्हणून असं सुचतं.

भाडेकरू, फतेगंज

मावशी, एवढं बोलायची गरज नव्हती.

माझ्याकडे माझी आई आली होती, रेडिएशनसाठी. खेड्यातून रोजचं जाणं-येणं तिला झेपत नव्हतं. पाच आठवडे होती. नऊ बाय आठच्या खोलीत एक लोखंडी पलंग आणि मी खाली सतरंजीवर. रात्री तिला तीन-तीनदा उठावं लागायचं. त्या खोलीत तिच्या पलंगापासून दारापर्यंत तीन फूट मोकळं होतं, म्हणून ती मला न उठवता, भिंतीला हात लावत जाऊ शकायची. मी जागाच असायचो, पण तिला वाटायचं, मी झोपलोय. ते तीन फूट मी कशानेही भरले नसते.

आमच्याकडे येतात माणसं.

मांजलपूरची मावशी

चुकलं माझं. आई बऱ्या आहेत ना आता?

गाद्यांबद्दल मी बोलले ते मागे घेत नाही. तुमच्याबद्दल बोलले ते घेते.

भाडेकरू, फतेगंज

बरी आहे. गावी आहे.

दांडियाबाजारकर

सगळे गाद्यांत अडकलेत. मूळ पोस्टमधलं "लहान खोलीला पांढराच रंग हवा" हे कुणी धरलंच नाही, आणि माझा राग त्यावर आहे. हे कुणी ठरवलं?

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात कधी वर चढलायत का? दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, एकोणिसाव्या शतकातला, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्या वाड्यातली चित्रांची खोली आजच्या एखाद्या हॉलपेक्षा मोठी नाही. भिंती खालपासून वरपर्यंत चित्रांनी भरलेल्या, महाभारत, कृष्णलीला, मराठे-इंग्रजांच्या लढाया. तांबडा, हिरवा, निळा, सगळे रंग. पांढरी जागा शोधून सापडत नाही. आणि त्या खोलीत कोंडल्यासारखं होत नाही, कारण नजर एका चित्रावरून दुसऱ्यावर जात राहते. लहान खोलीला खोली देते ती नजर. पांढऱ्या भिंतीवर नजर आपटते आणि परत येते.

मी माझ्या बेडरूमची पलंगामागची एक भिंत गडद निळी केली, बाकी तीन फिक्या. भिंत मागे सरकल्यासारखी वाटते. माझ्या बायकोचा ठाम विरोध होता, आता तीच पाहुण्यांना दाखवते. पांढऱ्या भिंती, पांढरं सीलिंग आणि वर ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा, याने खोली मोठी होत नाही, तिचा दवाखाना होतो.

वाघोडिया रोड, चौथा मजला

वाड्यातली खोली बघायला दहा मिनिटं जातो आपण. तिथे वॉर्डरोब नाही, एसी नाही, मुलांच्या बॅगा नाहीत. माझ्या खिडकीसमोर नऊ फुटांवर दुसऱ्या विंगची भिंत आहे. दिवसा अकरा वाजता लाइट लावावी लागायची. पांढरा लावल्यावर आणि आरसा ठेवल्यावर दुपारी दोनपर्यंत लाइटशिवाय चालतं. हे मी रोज बघतो. गडद निळा तुम्हाला परवडतो, कारण तुमच्याकडे उजेड आहे.

दांडियाबाजारकर

नऊ फुटांवर भिंत असेल तर पांढरा बरोबर आहे, मान्य. पण मग पोस्टमध्ये तसं लिहा ना, की माझ्या खोलीत उजेड नव्हता म्हणून पांढरा लावला. तुम्ही लिहिलंत "लहान खोलीला पांढराच".

पुण्याहून, मूळचा बडोद्याचा

तुम्ही बडोदेकर दहा बाय दहाला लहान म्हणता याचंच आश्चर्य वाटतं. मुंबईत एवढ्यात चौघांचा संसार होतो.

सलाटवाडा, पहिला मजला

दादा, ही मुंबईची तुलना दर वेळी येते आणि तिने आमची खोली काही मोठी होत नाही. मे महिन्यात इथे ४३ डिग्री असतं. पश्चिमेच्या भिंतीला रात्री दहा वाजता हात लावून बघा, तव्यासारखी लागते. तिथे खोलीत हवा खेळायला जागा लागतेच.

यावरून एक सांगायचं राहिलं, ते जुन्या ड्राफ्ट्समन काकांनीच खरं सांगायला हवं होतं. पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर वॉर्डरोब तिलाच लावा, भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवून. ऊन कपाटाच्या पाठीवर थांबतं, पलंगापर्यंत येत नाही. आणि ते दोन इंच सोडले नाहीत तर पावसाळ्यात मागे बुरशी धरते, कपड्यांना वास येतो. उधई, म्हणजे वाळवी, लागली तर तीही दिसते तरी. आमचा पहिला वॉर्डरोब भिंतीत स्क्रू मारून बसवला होता. काढला तेव्हा मागे उधईची माती भिंतीवर नदीसारखी वर चढलेली, आणि पुढून सनमायका नवीकोरी.

जुना ड्राफ्ट्समन

बरोबर सांगितलंत. फक्त दोन इंचांच्या वर आणि खालीही फट हवी, नाहीतर हवा फिरणार नाही, नुसती कोंडेल. आणि फॉल्स सीलिंगबद्दल कुणी बोललं नाही. साडेनऊ फुटांच्या छताला सहा इंच खाली आणलं, पंखा आणखी फूटभर खाली. मग माणूस पलंगावर उभा राहून रजई झटकतो आणि त्याचा हात पंख्याजवळ जातो. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, हाताला सात टाके पडले होते. लहान खोलीत उंची हीच एक गोष्ट तुमच्याकडे जास्तीची असते, तीच झाकू नका.

वाघोडिया रोड, चौथा मजला

फॉल्स सीलिंगचं मान्य. ते बायकोच्या भावाने सुचवलं होतं, मलाही पटलं नव्हतं, पण वायरिंग झाकायचं होतं.

मात्र ताईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. एवढं सगळं लिहिलं, पंचवीस जणांनी अंगठे दाबले. रजया कुठे आहेत?

सलाटवाडा, पहिला मजला

देते उत्तर. टाळत नव्हते, जेवणं चालली होती.

दोन रजया पेटाऱ्यात आहेत. बाकीच्या चार आणि पाहुण्यांच्या पाच गाद्या सासूबाईंच्या खोलीत, माळ्यावर. घर जुनं आहे, त्यांच्या खोलीला भिंतभर माळा आहे. तुमचं बरोबर आहे. तो माळा नसता तर माझी बेडरूम अशी राहिली नसती. मी माझ्या खोलीचं सामान त्यांच्या डोक्यावर ठेवलंय, आणि त्यांनी त्याबद्दल एका शब्दाने कधी म्हटलं नाही. हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं.

पण तुम्हीही एक करा. तुमच्या त्या पलंगात काय काय आहे ते एकदा उघडून बघा. शेवटचं कधी उघडलं होतंत? आम्ही कापला तेव्हा आत एका मिक्सरचं खोकं निघालं, मिक्सर २०१६ साली गेलेला. आणि तो पेटारा विकलात त्याचं मला अजून वाईट वाटतं. संखेड्याची लाखकामाची खुर्ची लोक दिवाणखान्यात मिरवतात, आणि सागवानी पेटारा भंगारात? तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवला असता तर तुमच्या दोन गाद्या त्यात गेल्या असत्या आणि बसायला जागा झाली असती.

वाघोडिया रोड, चौथा मजला

पायथ्याशी दीड फूटच आहे ताई. तुम्हीच हिशेब सांगितलात.

सलाटवाडा, पहिला मजला

पलंग सहाऐवजी पाच फुटी केला असता तर बाजूला बसला असता. दोन माणसांना पाच फूट पुरतात.

मांजलपूरची मावशी

मधे लहान मूल झोपत असेल तर पुरत नाहीत. त्यांची धाकटी तीन वर्षांची आहे, फोटोत दिसली.

वाघोडिया रोड, चौथा मजला (रविवारी रात्री)

आज दुपारी पलंग उघडला. ताईंनी म्हटलं म्हणून नाही, गणपतीचं मखर काढायचंच होतं.

सगळं बाहेर काढलं. हॉलभर झालं. आठ गाद्या, त्यातल्या तीन कापूस गोळा होऊन मधे खळगा पडलेल्या, त्यावर कुणाला झोपवता येणार नाही. डांबरगोळ्या टाकल्या होत्या, त्यांच्या नुसत्या रिकाम्या पुड्या उरल्यात. मुलाची बाबागाडी. टीव्हीचं खोकं, टीव्ही भिंतीवर. आईची पितळेची घागर, ती आईने लगेच उचलून स्वयंपाकघरात नेली. बायकोच्या लग्नातल्या सुटकेसचं कुलूप, सुटकेस नाही. दोन पोती इयत्ता पहिली-दुसरीची पुस्तकं.

तळाशी आजीची गोधडी होती. जुन्या नऊवाऱ्यांची, हिरवे आणि जांभळे काठ एकाआड एक, टाके एकदम बारीक. आजी जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटत होतं, ती गोधडी पेटाऱ्यासोबत गेली. बायको म्हणाली, पेटारा देताना तिनेच काढून इथे ठेवली होती, मला सांगायचं राहिलं. कोरडी होती. एक भोक नाही.

तीन गाद्या पिंजाऱ्याकडे देतोय, तीनच्या दोन करून मिळतील. पुस्तकं रद्दीत. खोकी गेली. आता पलंगातला एक पूर्ण कप्पा मोकळा आहे. पलंग मी कापणार नाही. चौथ्या मजल्यावर आहे, ७१० चा आहे, आणि सहा माणसांचं घर आहे. पण वॉर्डरोबचं पायथ्याकडचं टोक दीड फूट कमी करायचं का, म्हणजे निदान कोपऱ्यातून वळायला जागा होईल, हे सुथाराला विचारलंय. बाबा आता सत्तरीला आलेत.

जुने ड्राफ्ट्समन काका, दीड फूट कमी केलं तर वरच्या खणाचा आधार जाईल का? मधे उभी फळी टाकावी लागेल का?

जुना ड्राफ्ट्समन

टाकावी लागेल. शेवटच्या टोकाला पूर्ण उंचीची, नुसत्या कोनावर सोडू नका. कोपरा गोल करून घ्या, वळताना कमरेला लागणार नाही. आणि वाट कमीत कमी सव्वादोन फुटांची ठेवा. दोन फुटांचा वॉकर सव्वादोन फुटांतून जातो, मी वडिलांसाठी केलेलं आहे.

सलाटवाडा, पहिला मजला

गोधडी उन्हात टाकू नका, काठांचा रंग उडेल. सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस. आणि परत पलंगात ठेवायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या सुती चादरीत बांधून ठेवा.

वाघोडिया रोड, चौथा मजला

परत ठेवली नाही. धाकटीने पांघरली आहे.